उष्णतेची वाट : ग्राफिक्स कार्डाला दुसरा कूलर बसविण्याचा एक पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने संगणक कक्षाच्या वतीने एक अभ्यासलेख मागितला. कक्षात किती संगणक आहेत, किती विद्यार्थी संगणक परीक्षा उत्तीर्ण झाले, याचा तक्ता द्यावा असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु तो तक्ता वार्षिक अहवालात दरवर्षी येतोच. म्हणून एका लहानशा कामाची हकीकत आणि त्या कामामागचे शास्त्र येथे मांडण्याचे आम्ही ठरविले. एका जुन्या ग्राफिक्स कार्डावरील मूळचा कूलर काढून त्या जागी बाजारातून आणलेला दुसरा कूलर बसविणे, एवढेच ते काम. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज या क्षेत्रात नोकरी करतात त्यांना यातील पुष्कळसे ठाऊक असेल. अनेक पालकांनी मात्र ग्राफिक्स कार्ड डोळ्यांनी पाहिलेही नसेल. दोघांच्याही उपयोगी पडावे, अशा बेताने हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. आपल्याकडे कूलर म्हटले की वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या लावलेला, पाणी ठिबकणारा, उन्हाळ्यात खिडकीत बसणारा पत्र्याचा पेटारा डोळ्यांसमोर येतो. तो पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ग्राफिक्स कार्डाचा कूलर हवा गार करीत नाही. तो कार्डात निर्माण झालेली उष्णता उचलून बाहेरच्या हवेत सोडतो, इतकेच. त्यामुळे खोलीतील हवेपेक्षा तो कार्डाला कधीही अधिक थंड करू शकत नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे सोपे होते.

कार्ड का तापते?

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र म्हणजे लक्षावधी ठिपक्यांचा समूह असतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग एका सेकंदात अनेक वेळा नव्याने ठरवावा लागतो. हे काम करणारी स्वतंत्र चकती म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले आणि 'जीपीयू' हे नाव रूढ केले. त्या काळच्या कार्डावर काडेपेटीएवढा पंखा पुरत असे. पुढे चकतीवरील ट्रान्झिस्टरांची संख्या कोटींतून अब्जांत गेली, आणि विजेची भूकही वाढली. आज दोनशे वॅट वीज घेणारे कार्ड ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

ही वीज जाते कोठे? पंख्याला दिलेली वीज वारा निर्माण करते, दिव्याला दिलेली वीज प्रकाश देते. कार्डाला दिलेली वीज मात्र गणित करून झाल्यावर जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. दोनशे वॅट म्हणजे जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन पिवळे दिवे. त्या दिव्यांची धग आठवावी, आणि ती सगळी धग दोन बोटांच्या पेराएवढ्या चकतीतून निघते आहे असे समजावे. उष्णतेला वाट मिळाली नाही तर चकती काही सेकंदांतच असह्य तापेल. म्हणून तापमान ठरावीक मर्यादेला पोहोचले की कार्ड स्वतःचा वेग कमी करते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो.

वाटेवरचे टप्पे

चकतीपासून खोलीतील हवेपर्यंत उष्णतेला चार टप्पे ओलांडावे लागतात. पहिला टप्पा चकती आणि कूलरचा धातूचा तळ यांच्यामधला. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते खडबडीत असतात, आणि त्यांच्यामधल्या खळग्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता मीटरमागे, अंशामागे सुमारे ४०० वॅट, तर हवेची अवघी ०.०२६ वॅट, म्हणजे तांब्याच्या पंधरा हजाराव्या हिश्शाइतकी आहे. हे खळगे भरून काढण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. चांगल्या पेस्टची वाहकता चार ते आठच्या घरात असते. ती तांब्याच्या तुलनेत फारच कमी, पण हवेच्या शेकडो पट अधिक. म्हणूनच पेस्ट हवी, परंतु खळगे भरण्यापुरतीच हवी. जाड थर दिला तर तीच अडथळा होते.

दुसरा टप्पा हीट पाइपचा. ही तांब्याची बंद नळी असते. आतील हवा काढून टाकून तीत अगदी थोडे पाणी ठेवलेले असते, आणि आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. नळीतील दाब कमी असल्याने पाणी शंभर अंशांची वाट न पाहता कमी तापमानालाच उकळते. वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते, आणि पणतीची वात जसे तेल वर ओढते तसा तो सच्छिद्र थर पाणी तापलेल्या टोकाकडे परत ओढून आणतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३०० जूल उष्णता शोषली जाते. म्हणजे १८० वॅट वाहून नेण्यास दर सेकंदाला एक दशांश ग्रॅमहूनही कमी पाण्याची ये-जा पुरते. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांनी या कल्पनेचे पेटंट १९४४ साली मिळविले होते, परंतु तिचा खरा विकास १९६३ साली अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी केला. अवकाशयानांच्या कामासाठी पुढे आलेली ही नळी आज आपल्या संगणक कक्षातील टेबलावर आहे.

तिसरा टप्पा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा. मोटारसायकलच्या इंजिनावर जशा पात्या असतात तशाच या, फक्त अधिक पातळ आणि अधिक दाट. हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ वाढविणे हे त्यांचे काम. चौथा टप्पा पंख्याचा. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी येते, परंतु लागणारी शक्ती एक अष्टमांश होते आणि आवाजही पुष्कळ उतरतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरविणे नेहमीच हिताचे. दुसरा कूलर बसविण्यामागचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आहे.

हिशेब

या चार टप्प्यांचा एकत्रित अडथळा एका आकड्यात मांडता येतो. चकतीचे तापमान वजा खोलीचे तापमान, भागिले वॅट. आपल्या कक्षातील कार्ड पूर्ण भारावर सुमारे १८० वॅट घेते. एप्रिलमधील एका दुपारी खोलीत ३८ अंश तापमान असताना चकती ९१ अंशांवर पोहोचली. फरक ५३ अंशांचा. ५३ भागिले १८०, म्हणजे वॅटमागे सुमारे ०.२९ अंश. हा जुन्या कूलरचा गुणांक. गुणांक जितका लहान तितका कूलर चांगला. काही उष्णता मेमरीत आणि विजेच्या भागांत निर्माण होत असल्याने हा हिशेब स्थूल आहे, तरी तुलनेला तो पुरतो.

या हिशेबाचा उपयोग असा की मे महिन्याचे भविष्य एप्रिलमध्येच कळते. मे महिन्यात दुपारी कक्षात ४२ अंश होतात. ४२ अधिक ५३ म्हणजे ९५. कार्ड वेग कमी करणार, हे पंचांग न पाहता सांगता येते. थंड प्रदेशात वीस-बावीस अंशांच्या खोलीत ज्या कूलरविषयी कोणाची तक्रार नसते, तोच कूलर आपल्याकडे अपुरा पडतो, याचे कारणही यात आहे. फरक तोच असतो, सुरुवातच वीस अंश वरून होते.

एक प्रसिद्ध उदाहरण

कारखान्यातून आलेला कूलर अपुरा पडणे ही केवळ जुन्या कार्डांची व्यथा नाही. २००३ साली आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाच्या पंख्याचा आवाज इतका गाजला की खुद्द कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडी कंपनीचे रेडिऑन आर९ २९०एक्स हे कार्ड आले. त्याच्या चकतीवर सुमारे ६.२ अब्ज ट्रान्झिस्टर होते. मूळच्या कूलरवर हे कार्ड ९५ अंशांपर्यंत चढत असे, आणि ते तापमान रचनेनुसारच आहे असे कंपनीचे म्हणणे होते. त्या मर्यादेत राहण्यासाठी कार्ड आपला वेग कमी करी. म्हणजे चकतीत क्षमता होती, पण उष्णतेला वाट अपुरी होती.

तेव्हा अनेक परीक्षकांनी आणि हौशी मंडळींनी मूळचा कूलर काढून आर्क्टिक कंपनीचा अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम ३ हा कूलर बसवून पाहिला. त्यात पाच हीट पाइप, चौऱ्याऐंशी पात्या आणि ९२ मिलिमीटरचे तीन पंखे होते. कार्डाचे तापमान बरेच उतरले, आवाज कमी झाला आणि वेग टिकून राहू लागला. रायजिनटेक कंपनीच्या मॉर्फियस कूलरमध्ये तर बारा हीट पाइप होते, आणि पंखे आपल्या पसंतीने निराळे घ्यावे लागत. या उदाहरणावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, कूलर बदलल्याने चकतीत नवी शक्ती येत नाही, असलेली शक्ती वापरता येते. दुसरी अशी की त्या कार्डावर चकतीखेरीज मेमरीचे सोळा तुकडे आणि विजेचा दाब उतरविणारा भाग होता, आणि त्या प्रत्येकाची वेगळी सोय करावी लागत होती. ही दुसरी गोष्ट आम्ही वाचली होती. तरीही ती आम्हांस पुढे अनुभवानेच शिकावी लागली.

आरंभापूर्वीचा विचार

कूलर विकत घेण्यापूर्वी तो खरोखर हवा काय, हे पाहावे. पात्यांत साचलेली धूळ साफ केली, सुकून खडखडीत झालेली पेस्ट बदलली, आणि कॅबिनेटमधील हवा बाहेर टाकणारा पंखा चालू आहे याची खात्री केली, तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. आम्हीही प्रथम हेच केले. तापमान चार अंशांनी उतरून ९१ वर आले. परंतु पंख्याचे बेअरिंग झिजले होते आणि त्याचा खरखराट इतका होता की शिकविणाऱ्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसे. कार्ड माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेले. त्यावर नववी-दहावीची मुले ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय चित्रे करतात. नवे कार्ड घेण्याइतकी तरतूद नव्हती. कूलर मात्र आवाक्यात होता.

खरेदीपूर्वी चार मापे घ्यावीत. चकतीभोवतीच्या चार छिद्रांमधील अंतर हे पहिले माप. अनेक एनव्हिडिया कार्डांत ते सुमारे ५८ मिलिमीटर, तर वर सांगितलेल्या रेडिऑनमध्ये सुमारे ५३ मिलिमीटर असते. अंतर जुळले नाही तर कूलर कितीही चांगला असला तरी तो बसणार नाही. दुसरे माप कार्डाच्या लांबीचे, तिसरे जाडीचे. मोठे कूलर शेजारच्या दोन जागा व्यापतात, कधी त्याहूनही अधिक. चौथे माप छिद्रांच्या आसपास उभ्या असलेल्या उंच भागांचे, कारण तळ त्यांना अडता कामा नये. शिवाय काही मूळचे कूलर गरम हवा थेट कॅबिनेटच्या मागून बाहेर फेकतात, तर नवे बहुतेक ती आतच सोडतात. म्हणून कॅबिनेटला हवा बाहेर टाकणारा पंखा हवाच. कार्ड हमीच्या मुदतीत असेल तर कूलर काढल्याने हमी जाऊ शकते, हेही आधी पाहावे.

प्रत्यक्ष कृती

१. नोंद. काम सुरू करण्यापूर्वी खोलीचे तापमान, विनाभार तापमान, वीस मिनिटे पूर्ण भार दिल्यावरचे तापमान, पंख्याचा वेग आणि चकतीचा वेग वहीत लिहून ठेवावा. ही नोंद नसेल तर सुधारणा झाली की नाही हे कळण्यास मार्ग राहत नाही.

२. कार्ड काढणे. संगणक बंद करून प्लग काढावा, आणि सुरू करण्याचे बटण एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक वीज उतरवावी. विजेच्या वायरी सोडवाव्यात, मागचा स्क्रू काढावा, खाचेच्या टोकाची कळ दाबून कार्ड सरळ वर उचलावे. ते कडांनीच धरावे.

३. जुना कूलर सोडविणे. काढण्यापूर्वी कार्ड दहा मिनिटे चालवून किंचित कोमट केलेले असावे, त्याने जुनी पेस्ट नरम होते. एका कागदावर कार्डाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. कूलर ओढू नये. डावी-उजवीकडे हलकेच फिरवीत सोडवावा. पंख्याची वायर कार्डाला जोडलेली असते, ती तुटू न देता तिची टोपी काढावी.

४. सफाई. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड घेऊन चकती आरशासारखी स्वच्छ करावी. तेवढ्याच काळजीने मेमरीचा प्रत्येक तुकडा आणि विजेच्या भागांचे माथे पुसावेत. जुन्या थर्मल पॅडमधून सुटलेला तेलकटपणा तेथे राहतो. तो दिसत नाही, पण बोटाला जाणवतो.

५. लहान हीटसिंक. मूळच्या कूलरचा तळ मोठा असल्याने मेमरी आणि विजेचे भागही त्याला टेकत असत. नवा कूलर केवळ चकतीला टेकतो. म्हणून इतर भागांवर अ‍ॅल्युमिनियमचे लहान हीटसिंक चिकटवावे लागतात. त्यासाठी चिकट पट्टी किंवा दोन भाग मिसळून करावयाचा उष्णतावाहक गोंद मिळतो. गोंद पक्का बसतो, इतका की पुढे काढू गेल्यास तुकडाच उखडण्याची भीती असते. पट्टी काढता येते, पण स्वच्छतेच्या बाबतीत तिला क्षमा नाही. अ‍ॅक्सेलेरोच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे एक्स्ट्रीम ४ मध्ये, हा चिकटविण्याचा व्याप टाळण्यासाठी कार्डाच्या पाठीमागून उष्णता घेणारा एकच मोठा हीटसिंक दिलेला होता. हीटसिंकचा धातू शेजारच्या दोन उघड्या टोकांना टेकला तर शॉर्ट होईल, म्हणून प्रत्येक तुकडा बसविल्यावर तो बाजूंनी पाहावा.

६. पेस्ट. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर बहुधा धातूचे झाकण असते. ग्राफिक्स कार्डाची चकती उघडीच असते. म्हणून पेस्ट तिच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन ती पातळ पसरावी. खालची चकती अंधुक दिसेल इतका थर पुरे.

७. बसविणे. कूलर पालथा ठेवून त्यावर कार्ड उतरवावे, म्हणजे छिद्रे दिसतात. चारही स्क्रू प्रथम दोन-दोन फेरे लावावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा आवळावा. एक कोपरा आधी आवळला तर उघड्या चकतीची कड टवका उडून फुटते, आणि मग कार्ड कायमचे गेले. हाताला अडल्याची जाणीव झाली की थांबावे. जोर लावणे म्हणजे पक्के बसविणे नव्हे.

८. जोडणी व चाचणी. पंख्याची वायर कार्डावरील योग्य जागी जोडावी. मोठा कूलर अर्धा किलोहून जड असू शकतो, तेव्हा कार्डाच्या मोकळ्या टोकाला खालून आधार द्यावा. संगणक सुरू करून प्रथम पंखे फिरतात हे डोळ्यांनी पाहावे. दहा मिनिटे विनाभार, मग हलका भार, आणि मगच पूर्ण भार द्यावा.

आमची चूक

हे सारे आम्ही दहावीच्या दोन आणि नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडून करवून घेतले. 'परवानगीशिवाय हात लावू नये' ही पाटी आमच्याच कक्षाच्या दारावर होती. ती त्या दिवशी उतरवून ठेवली. मोलाची वस्तू म्हणजे दुरून पाहावयाची वस्तू, ही भीती पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या मनातून जावी, हाही या पाठाचा एक हेतू होता.

काम संध्याकाळी आटोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत पुन्हा ३८ अंश असताना चाचणी घेतली. वीस मिनिटांनी चकतीचे तापमान ६९ अंश. ९१ वरून ६९! मुलांनी टाळ्या वाजविल्या. फरक ३१ अंशांचा, ३१ भागिले १८०, गुणांक ०.१७. फळ्यावर हिशेब लिहून झाला, आणि पंचविसाव्या मिनिटाला संगणक एकाएकी बंद पडला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा पंचवीस-तीस मिनिटांत तेच. चकतीचे तापमान दोन्ही वेळा सत्तरच्या आत. मग कॅबिनेट उघडले, तेव्हा तळाशी अ‍ॅल्युमिनियमचे दोन लहान तुकडे पडलेले आढळले. विजेच्या भागांवर चिकटविलेले हीटसिंक गळून पडले होते. आम्ही पडद्यावर चकतीचाच आकडा पाहत होतो. त्या भागांचा आकडा आम्ही पाहिलाच नव्हता. जे मोजले ते थंड झाले होते, जे मोजले नाही ते तापत होते. ते तुकडे पडताना कोणत्याही उघड्या टोकावर अडकले नाहीत, हे केवळ सुदैव.

मुले गप्प झाली. नववीतील एक विद्यार्थिनी पुढे येऊन म्हणाली, "सर, ते दोन मीच लावले. जेवणाची घंटा झाली होती. बाकीचे पुसले, ते दोन पुसायचे राहिले."

आम्ही तिला विचारले, "तुला ते काल आठवत होतं का?"

"रात्री झोपताना आठवलं, सर. पण सगळे खूश होते. म्हटलं, लागले असतील."

तिच्यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आम्ही फळ्यावर लिहून दिलेल्या यादीत 'चकती पुसणे' असे होते. 'प्रत्येक तुकडा पुसून दुसऱ्याने पाहणे' असे नव्हते. घंटा झाली म्हणून काम अर्ध्यावर थांबवू नका, किंवा थांबविलेत तर कोठे थांबविले ते लिहून ठेवा, असेही आम्ही सांगितले नव्हते. संगणक बंद पडण्यात तिचा वाटा होता, तसा आमचाही होता. फरक इतकाच की तिने आपला वाटा विचारण्यापूर्वीच सांगितला. ती बोलली नसती तर आम्ही विजेचा पुरवठा, मेमरी, सॉफ्टवेअर असे एक एक तपासत कित्येक दिवस घालविले असते, आणि कदाचित त्याच स्थितीत पुन्हा पुन्हा चालवून कार्ड गमाविले असते.

कार्ड पुन्हा उतरविले. सर्व हीटसिंक काढले, सर्व माथे नव्याने पुसले. या वेळी एकाने पुसावे आणि दुसऱ्याने बोट फिरवून पाहावे असा नियम केला. विजेच्या भागांवरील हीटसिंक पट्टीऐवजी गोंदाने बसविले आणि कार्ड रात्रभर आडवे ठेवून गोंद वाळू दिला. दुसऱ्या दिवशी दोन तास पूर्ण भार दिला. चकती ६९ अंशांवर स्थिर राहिली, आणि या वेळी विजेच्या भागांचे तापमानही वहीत लिहिले गेले. मे महिन्यात खोलीत ४२ अंश असताना ४२ अधिक ३१, म्हणजे ७३ अंश येतील असे मुलांनी आधीच लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात ७४ आले. एका अंशाचा फरक का पडला, यावर त्यांनी अर्धा तास वाद घातला. तो वाद ऐकणे हा आम्हां शिक्षकांचा त्या वर्षीचा मोठा आनंद.

समारोप

या कामातून वाचलेले पैसे फार नव्हेत. ते कार्डही आणखी काही वर्षांनी जुने होऊन बाजूला पडेल. परंतु उष्णता नाहीशी होत नाही, तिला केवळ वाट करून द्यावी लागते, हे त्या चौघांनी हातांनी अनुभवले. एका जागी सुधारणा केली की भार दुसऱ्या जागी जातो, म्हणून केवळ आनंद देणारा आकडा पाहून थांबू नये, हेही त्यांना कळले. आणि चूक लवकर सांगितली तर ती सुधारता येते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक स्पष्टपणे त्यांच्यासमोर घडली.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की आपण शाळेला जुना संगणक, कार्ड किंवा कूलर भेट द्याल तेव्हा शक्य असल्यास एक दिवस स्वतः येऊन तो विद्यार्थ्यांसोबत उघडून पाहावा. वस्तूइतकीच ती सोबत मोलाची आहे. पालकांना सांगावयाचे ते असे की मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आल्यावर बंद पडलेला पंखा, रेडिओ किंवा मिक्सर खोलून बसली तर प्लग काढला आहे ना, एवढे पाहावे, आणि मग खुशाल खोलू द्यावे.

दारावरची ती पाटी आम्ही पुन्हा लावली आहे. फक्त तिच्यावरील मजकूर बदलला आहे. आता तेथे लिहिले आहे : 'हात लावण्यापूर्वी वीज बंद करा. काम झाल्यावर वहीत नोंद करा. काही राहिले असेल तर सांगा.' नववीतील त्या विद्यार्थिनीने तो मजकूर सुचविला आणि रंगविलाही तिनेच.